कुठे जायचे, हे कोणी ठरवायचे?

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आटोपून आठवडाही झाला नसेल. एका संध्याकाळी माझी भाची आणि तिचा नियोजित वर आमच्या ओटीवर येऊन बसले. धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर त्यांनी त्याच रविवारी पूर्ण केले होते आणि जानेवारीतील लग्नाची तारीखही चर्चमध्ये नक्की झाली होती. शिबिरात फादरांनी, डॉक्टरांनी आणि एका अनुभवी जोडप्याने पुष्कळ काही सांगितले. एक प्रश्न मात्र कोणी घेतला नव्हता. तो घेऊन ती दोघे आली होती. "मामा, लग्नानंतर आम्ही कुठे जावे ते तुम्हीच सांगा. आमचे काही केल्या ठरत नाही."

मुलाने मोबाइलवर तीन ठिकाणे काढून ठेवली होती. पहिले मालदीव : पाण्यावर उभारलेली लाकडी खोली, पाच दिवस, आणि खर्च त्याच्या चार महिन्यांच्या पगाराइतका, पण तो बारा हप्त्यांत फेडण्याची सोय. दुसरे केरळातील वायनाड. तिसरे आपले महाबळेश्वर. तिन्ही ठिकाणच्या छायाचित्रांत एक तरुण जोडपे पाठमोरे उभे राहून दूर कुठेतरी पाहत होते. तिन्ही जोडपी मला एकच वाटली.

सदतीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला कोणी सल्ला विचारला की त्याचा घसा आपोआप साफ होतो. मी सुरुवात करणार तोच आतून चहाचा ट्रे घेऊन पत्नी आली आणि म्हणाली, "ह्यांना विचारू नका गं. ह्यांनी मला लग्नाच्या चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला उठवले होते."

सगळे हसले. मीही हसलो. पाहुणे गेले, संध्याकाळची प्रार्थना झाली, जेवणे झाली, तरी ते वाक्य मनातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे लग्न जानेवारी 1983 मधले. त्या काळी आमच्या वाडीतून लग्नानंतर बाहेरगावी जाणारे मोजकेच. शाळेतील एका सहकाऱ्याने मला महाबळेश्वरचे नाव सुचविले आणि एका कागदावर तिथल्या 'पॉइंट'ची यादी लिहून दिली : विल्सन, एल्फिन्स्टन, आर्थर्स सीट, लॉडविक, केट्स, बॉम्बे. मी तो कागद बायबलमध्ये ठेवावा तसा जपून ठेवला. पत्नीला विचारले का? विचारले. "महाबळेश्वरला जाऊ या ना?" असे विचारले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसे." मला ते उत्तर फार आवडले. आपल्याला समजूतदार बायको मिळाली, असे मी मित्रालाही सांगितल्याचे आठवते.

मुंबई सेंट्रलहून एस.टी.ने आम्ही निघालो. पोलादपूर सोडल्यावर आंबेनळी घाटात तिला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी तिला उठवले, कारण विल्सन पॉइंटवरून सूर्योदय पाहायचा होता. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. तिथली जानेवारीची पहाट आपल्या वसईची नव्हे. काही पहाटे तर वेण्णा तलावाच्या परिसरात दवसुद्धा गोठते. शालीत गुरफटून ती माझ्या मागून चालत राहिली. सूर्य उगवला. मी म्हणालो, "पाहिलास?" ती म्हणाली, "हो." यादीतील सर्व पॉइंट आम्ही तीन दिवसांत पुरे केले. लॉडविक पॉइंटवर तर मी तिला त्या ठिकाणाचा इतिहासही सांगितला.

हे सारे मला सुखाची आठवण म्हणून ठाऊक होते. त्या रात्री मी तिला प्रथमच विचारले, "मग तुला काय हवे होते?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झोप." तिच्या माहेरी फुलांचा आणि भाजीचा मळा होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती आईबरोबर पहाटे तीनला उठून फुलांच्या पाट्या भरीत असे, कारण पहिल्या गाडीने माल दादरला पोहोचला पाहिजे. घरात चौदा माणसे. लग्न ठरल्यावर तिच्या मनात एकच गोष्ट होती : असे एखादे ठिकाण, जिथे सूर्य वर येईपर्यंत कोणी हाक मारणार नाही. "आणि तुम्ही मला सूर्योदय दाखवायला नेले," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

मध्यंतरी महाबळेश्वराविषयी वाचताना मला कळले की लॉडविक त्या डोंगरावर 1824 साली पोहोचला, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याने 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींशी करार करून ती जागा मिळविली. हेतू होता आजारी आणि थकल्याभागल्या गोऱ्या साहेबांसाठी हवा पालटण्याचे ठिकाण उभारण्याचा. म्हणजे मुळात ते गाव विश्रांतीसाठीच वसविलेले! मी मात्र जिला विश्रांतीची खरी गरज होती तिला तिथे नेऊन तीन दिवस चालविले.

काही वडीलधारे वाचक म्हणतील, हा विषयच क्षुल्लक आहे. मधुचंद्र हे इंग्रजांचे खूळ. आमच्या आईवडिलांचे संसार त्यावाचून काय मोडले? शब्द इंग्रजांचा आहे हे खरे. 'मधुचंद्र' हे त्यांच्याच शब्दाचे सरळ भाषांतर. गंमत अशी की सोळाव्या शतकातील इंग्रजी कोशात, 1552 सालच्या, या शब्दाचा जो अर्थ दिला आहे त्यात कौतुकापेक्षा सावधगिरीच अधिक दिसते : नवपरिणितांचे प्रेम आरंभी उतू जाते आणि मग चंद्रासारखे ओसरू लागते, तो हा काळ. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंत जोडप्यांनी लग्नानंतर प्रवासाला जाण्याची रीत पाडली. तेव्हाही तो प्रवास पुष्कळदा लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांच्या भेटीसाठी असे, आणि सोबत घरची मंडळीही असत. एकांताची कल्पना नंतरची.

परंतु आपल्याकडे ती कल्पना आली तेव्हा तिने एक उपकार केला, हे मान्य करायला हवे. ज्या घरात चौदा माणसे एका छपराखाली झोपत, जिथे नवरा-नवरीच्या वाट्याला माळ्यावरचा कोपरा किंवा पडद्याआडची खाट येई, तिथे चार दिवसांचा एकांत ही चैन नव्हती. विशेषतः मुलीसाठी नव्हती. सासरच्या घरात ती पहिल्या दिवसापासून सर्वांची सून होते. आपल्या नवऱ्याची पत्नी व्हायला तिला सवडच मिळत नाही. जुन्या करारात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, मोशेच्या नियमशास्त्राने नवविवाहित पुरुषाला वर्षभर लष्करी सेवेतून आणि इतर कामगिरीतून मोकळीक दिली आहे. कारणही तिथेच सांगितले आहे : त्याने घरी राहून आपल्या पत्नीला आनंदित करावे. पत्नीचा आनंद हा नियमशास्त्राचा विषय होऊ शकतो, तर आपण त्याला क्षुल्लक का म्हणावे?

मग तिचा आनंद कशात आहे, हे कळायचे कसे?

वेदीपुढे उभे असताना धर्मगुरू वधूवरांना पहिला प्रश्न विचारतात तो हा की, तुम्ही इथे मोकळ्या मनाने, कोणाच्याही जबरदस्तीवाचून आला आहात ना? दोघांनाही विचारतात. आई होकार देत असली, मामाने स्थळ आणलेले असले, गावजेवणाची भांडी आलेली असली, तरी ते उत्तर त्या मुलीनेच द्यायचे असते. ख्रिस्तसभेच्या कायद्याने (कलम 1057) स्पष्ट म्हटले आहे की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही. बाप नाही, बिशप नाही, पोप महोदयही नाहीत. ज्या मुलीला आजवर चपलेचा रंगसुद्धा कोणी विचारलेला नसतो, तिच्या एका शब्दाची सारी ख्रिस्तसभा त्या क्षणी वाट पाहत थांबते.

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी नवरा म्हणतो, "महाबळेश्वरला जाऊ या ना?" ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसे," आणि तो ते संमती म्हणून स्वीकारतो. माझे नेमके इथेच चुकले. त्या तीन शब्दांत संमती नसते. आपली इच्छा सांगण्याची ज्यांना सवय नसते, त्यांनी दारावर लावलेली ती कडी असते. ती उघडायला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा विचारावे लागते, आणि उत्तर आपल्या यादीत न बसणारे आले तरी ऐकून घेण्याची तयारी लागते. मला वाटते, लग्नानंतर कुठे जायचे हा नवदांपत्याने एकत्र घ्यावयाचा पहिला निर्णय. म्हणून त्याचे मोल त्या ठिकाणापेक्षा मोठे आहे. तो ज्या रीतीने होईल त्याच रीतीने पुढे घर कुठे घ्यायचे, मुले कधी, पगार कोणाच्या हाती, म्हाताऱ्यांना कोणी पाहायचे, हेही ठरत जाण्याचा संभव असतो. आमचे तसेच झाले. पुष्कळ गोष्टी मी 'विचारून' केल्या.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण कुटुंबासाठी असलेल्या नियतकालिकात ती बोलायला हरकत नसावी. आमचे लग्न झाले त्याच महिन्यात, 25 जानेवारी 1983 रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेची नवी कायदेसंहिता जाहीर केली. पतिपत्नीच्या शरीरसंबंधाने विवाह पूर्णत्वास जातो, हे जुन्या संहितेतही होते. नव्या संहितेच्या कलम 1061 मध्ये त्याला दोन शब्दांची जोड मिळाली : तो संबंध 'मानवी रीतीने' झालेला असावा. दोनच शब्द, पण ज्या स्त्रियांनी पहिल्या रात्री केवळ भीती अनुभवली त्यांना त्यांचे वजन कळेल. मानवी रीत म्हणजे जबरदस्ती नसणे, हे तर झालेच. तिच्यात सवडही येते, थकलेल्याला झोपू देणेही येते. ठरवून झालेल्या लग्नात दोघे जवळजवळ अनोळखी असतात. अशा दोघांना सकाळी सात ते रात्री नऊ 'स्थळदर्शन' घडविणारे पॅकेज कितीही स्वस्त असो, मला ते चुकीचे ठिकाण वाटते, मग ते काश्मीर असो की कर्नाळा.

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबीतचा ग्रंथ आहे. त्यातील तोबिया आणि सारा यांची प्रार्थना विवाहाच्या मिस्सात पुष्कळदा वाचली जाते; पण तिच्या मागचा प्रसंग आपण विसरतो. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मरण पावलेले. आठव्याशी लग्न लावून दिल्यावर तिच्या बापाने रात्रीच उठून जावयासाठी खड्डाही खणून ठेवला होता! आत ती दोघे खाटेवरून उठली, शेजारी उभी राहिली आणि दोघांनी मिळून देवाकडे दया मागितली. मग झोपली. ती रात्र कुठे गेली? मुलीच्या माहेरी. तिच्या भीतीचे घर होते तिथेच. नंतर सासऱ्याने चौदा दिवसांचा सोहळा केला आणि तोबिया तिथे राहिला. पण तो अस्वस्थही होता, कारण दूर निनवेत त्याचा आंधळा बाप दिवस मोजीत होता आणि आई रोज रस्त्याकडे डोळे लावून बसत होती. नव्या जोडप्याचा एकांत आणि मागे राहिलेल्यांची ओढ, दोन्ही त्या कथेत आहेत, आणि कथा कोणालाही दोष देत नाही.

आता पैशाचे. इथे उपदेश करणे फार सोपे आहे आणि म्हणूनच मला भीती वाटते. बेथानीत मरियेने प्रभू येशूच्या चरणांना जटामांसीचे मूल्यवान तेल लावले. तीनशे दीनारांचे, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या रोजंदारीचे. ते विकून गोरगरिबांना का दिले नाही, हा प्रश्न तिथे विचारला गेला. विचारणारा यहूदा होता. प्रभूने मरियेची बाजू घेतली. काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण भरून द्राक्षारस झाला. तोही हात आखडून केलेला नव्हता. तेव्हा नवदांपत्याने आयुष्यात एकदा मोकळ्या हाताने खर्च केला तर लगेच नाके मुरडू नयेत. मरियेचे तेल मात्र तिचे स्वतःचे होते. आणि ते ज्याच्यासाठी होते त्याच्यासाठीच ओतले गेले. बारा हप्त्यांवर घेतलेल्या खोलीतील किती सुख त्या दोघांसाठी असते आणि किती ते मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी? शिवाय हप्ते कोण फेडणार? आमची भाची परिचारिका आहे. तिच्या नवऱ्याचा पगार हप्त्यात गेला की घर तिच्या रात्रपाळ्यांवर चालणार. पाच दिवसांच्या झोपेसाठी वर्षभराचे जागरण!

दोघांनी मनापासून मिळून ठरविले म्हणजे सारे योग्य ठरते, असेही नव्हे. तिसरा कोणीतरी नेहमीच असतो. आपण वसईकरांना हे सांगायला नको. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट उभे राहिले तेव्हापासून शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांविषयी आपण घराघरांत काय बोलतो? त्यांचा गोंगाट, त्यांच्या गाड्या, वाळूत टाकलेल्या बाटल्या. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाताना आपण पाहिले आहे. दुसऱ्याच्या गावी गेल्यावर आपणच ते पाहुणे असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. वायनाडचे नाव निघाले तेव्हा मला 30 जुलै 2024 ची पहाट आठवली. मुंडक्काई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली. दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत चहाच्या मळ्यांतील कामगारही होते. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण पश्चिम घाटाच्या नाजूक उतारांवरील बांधकामाला आवर घालावा, असे माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात सुचविले होते. याचा अर्थ वायनाडला जाऊ नये असा मी काढीत नाही. पर्यटक गेले नाहीत तर तिथल्या माणसांची चूलही थंडावते. कुठे उतरतो, ती इमारत कुठल्या उतारावर आहे, खोली झाडणाऱ्या बाईला नावाने हाक मारतो की नाही, हे तरी आपल्या हातात असते.

मालदीवची रीत निराळी. 1972 साली तिथे पहिले रिसॉर्ट निघाले, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत तिथे रूढ झाली. एकांत म्हणाल तर पुरेपूर. पण अशा बेटावर त्या देशाचे गाव नसते, लहान मुले नसतात, पाहुणे आणि त्यांची सेवा करणारे एवढेच असतात. रविवारच्या मिस्साची तर तिथे सोयच नाही. तो देश इस्लामी आहे आणि इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला तिथे परवानगी नाही. हे मुलाला ठाऊक नव्हते. सांगितल्यावर तो म्हणाला, "एखाद्या रविवारी नाही झाले तर चालेल ना, मामा?" मी उत्तर देण्याआधीच भाची म्हणाली, "लग्नानंतरचा पहिलाच रविवार आहे रे." तो गप्प झाला. तिने काहीतरी मागितल्याचे मी त्या संध्याकाळी प्रथमच ऐकले.

त्यानंतर ती दोघे आणखी दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेस महाबळेश्वरही यादीतून गेले होते. ते कोणी काढले हे मला कळले नाही. मुलाला डोंगर हवा होता. त्याचे बालपण चाळीत गेले, खिडकीतून कधी झाड दिसले नाही. भाची म्हणत होती, मला कुठेही चालेल. तो म्हणाला, "कुठेही म्हणजे कुठे?" ती म्हणाली, "तू म्हणशील तिथे." माझ्या छातीत धस्स झाले. मी खुर्चीत पुढे सरकलो. एवढ्यात दारात उभ्या असलेल्या पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

तो मुलगा तिला पुन्हा विचारीत होता. ती मोबाइल पालथा घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. मी उठलो, काठी घेतली आणि वाडीत बावखलाकडे चालू लागलो. मागे ओटीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर तिचा आवाज ऐकू आला, पण शब्द कळण्याइतका मी जवळ नव्हतो.